सेलमधली चेनपुली

गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून मी बोटींवर फारसा चढत नाही. मिरकरवाड्याच्या वाटेवर आमचं छोटं वर्कशॉप आहे, तिथे खुर्ची टाकून बसतो. जन्मभर मच्छीमार बोटींची डिझेल इंजिनं उघडली आणि मिटवली, त्यामुळे लोकांचा समज असा झालाय की मला लोखंडातलं सगळं कळतं. मग कुणीतरी पिशवी घेऊन येतं, आतून एखादं कोरं हत्यार काढतं आणि विचारतं, "मेस्त्री, सेलमध्ये घेतला. बरा हाय ना?" घेऊन झाल्यावर विचारतात. घेण्याआधी आजवर एकही माणूस आलेला नाही.

बोटी किनाऱ्यावर ओढून घेतल्या आणि पावसाळ्यासाठी मासेमारी बंद झाली की रत्नागिरीत कुठला तरी हॉल भाड्याने घेऊन हत्यारांचा सेल लागतो. रिक्षाला भोंगा बांधून पुकारा चालतो. व्यापारी कुठला, हे कुणालाच माहीत नसतं. टेबलांवर पान्यांचे सेट, ड्रिल मशीन, ग्राइंडर, जॅक आणि झाडं छाटायच्या करवती मांडलेल्या असतात. बोटवाले, बागायतदार, मुंबईहून गावी आलेले चाकरमानी, सगळे तिथे गर्दी करतात. मीही जातो. लाल डब्यात ओळीने मांडलेले चकचकीत सॉकेट बघून माझाही हात शिवशिवतो. तिथली एक हातोडी मी वापरतो आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. हातोडीत बिघडण्यासारखं असतं काय?

म्हणजे स्वस्त हत्यार घेऊच नये, असा माझा हट्ट नाही. आमच्या आळीतल्या एका निवृत्त मास्तरांनी सेलमधून ड्रिल मशीन आणलं. त्यांच्या घराच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या. त्या दगडात ड्रिल असं घुसतं की मशीन फार ताकदीचं आहे असं कुणालाही वाटावं. मास्तरांनी भराभर भोकं पाडली आणि सगळ्या गुरुजनांचे फोटो टांगले. मग एकेक फोटो खाली येऊ लागला, कारण चिरा भुसभुशीत, खुंटी पकडतच नाही. मास्तर म्हणाले, "मशीन उत्तम आहे हो, भिंतच हलकी निघाली." मशीन अजून आहे आणि मास्तर सुखात आहेत. वर्षातून एकदा खेळायला काढायचं हत्यार असंच असावं.

पाना मात्र वेगळा. बोटीचा नट खाऱ्या पाण्याने असा धरलेला असतो की त्याच्याशी कुस्तीच करावी लागते. स्वस्त पाना मऊ लोखंडाचा असतो. जोर लावला की त्याचं तोंड फाकतं, नटाचे कोपरे झिजतात आणि पाना सुटून तुमची बोटं समोरच्या पत्र्यावर आपटतात. तोवर पाना शहाण्यासारखा दिसत असतो. स्वस्त हत्याराचं हे एक वाईट, ते आधी काहीच सांगत नाही.

म्हणून पिशवी घेऊन आलेल्याला मी एवढंच विचारतो, "हे मोडेल तेव्हा त्याच्याखाली कुणी असेल काय?" माणसं हसतात. त्यांना वाटतं, म्हातारा भित्रा आहे. भित्रा तर मी आहेच. आमची ही म्हणते की मी चहाचा कपसुद्धा आधी कानाला धरून हलवून बघतो. पण त्या प्रश्नामागे एक दुपार आहे. ती आता लिहून टाकतो.

माझी मुलगी वैशाली. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. आज वर्कशॉप तीच चालवते. सुरुवातीला जेटीवर तिला बघून माणसं माझ्याकडे वळायची आणि इंजिनाचं दुखणं मला सांगायची. हळूहळू ती सवय गेली. बोटीचं काम म्हणजे अरुंद जागा. इंजिन आणि बोटीचा तळ यांच्यामध्ये जेमतेम हात शिरतो. माझा दांडगा हात जिथे अडायचा तिथे तिचा सहज जातो. याचं मला कौतुक होतं आणि धाकधूकही तेवढीच. तिचा हात कुठे आहे, हे मी सारखं बघत असतो. ती चिडते. "बाबा, नटाकडे बघा, माझ्याकडे नको."

त्या वर्षी दत्तारामच्या बोटीचं इंजिन काढायचं होतं. दत्ताराम हा साखरतरचा नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, आणि माझा फार जुना दोस्त. बोट खाडीच्या काठाला चिखलात टेकवून ठेवलेली, वर ताडपत्री. इंजिन उचलायला चेनपुली लागते. माझी जुनी, भरवशाची चेनपुली केळशीला एका बोटीवर अडकली होती. दत्ताराम म्हणाला, "मेस्त्री, माजी हाय की. सेलमदनं घेतलीय. नवीकोरी."

चेनपुली म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडी गोल डबा असतो, तो वर तुळईला टांगायचा. त्यातून दोन साखळ्या लोंबतात. जाड साखळीच्या टोकाला हूक, त्यात वजन अडकवायचं. बारीक साखळी हाताने ओढायची. डब्यातल्या दात्यांमुळे एकटा माणूस चार-सहा जणांना हलणार नाही असं इंजिन वर चढवतो. खरी मजा पुढे आहे. तुम्ही ओढायचं थांबलात, साखळी सोडून विडी पेटवलीत, तरी इंजिन होतं तिथेच राहतं. आत घर्षणाच्या दोन चकत्या असतात, वजनाच्या ओढीनेच त्या आवळतात आणि चाक धरून ठेवतात. माणसं बिनघोर खाली हात घालतात ते त्या दोन चकत्यांच्या जिवावर.

मी ती पुली उलटसुलट करून बघितली. हूक बघितला, साखळीची कडी न् कडी चाचपली. डब्यावर परक्या लिपीत काही तरी छापलेलं होतं. दुसरं वजन टांगून पाहिलं आणि मगच इंजिन काढलं. कुरकुर न करता पुलीने ते उचललं. दत्तारामने माझ्याकडे असं बघितलं, जणू ती त्याने स्वतः ओतून घडवली होती.

इंजिन दुरुस्तीला वर्कशॉपात गेलं. ते परत बसवायला आम्ही गेलो तेव्हा नारळी पौर्णिमा जवळ आली होती. किनाऱ्यावरच्या बोटी एकेक करून पाण्यात जात होत्या. दत्तारामची बोट काठावर जरा उंचावर होती, तिथवर नेहमीची भरती पोचत नाही. दुसऱ्या दिवशी अमावास्या. त्या दुपारच्या उधाणात बोट तरली तर तरली, नाहीतर पुढच्या उधाणापर्यंत चिखलातच. म्हणजे आम्ही गेलो त्याच दिवशी इंजिन बसायला हवं होतं.

पुली टांगलेली होती. साखळी तेलाने चकाकत होती. दत्तारामने हत्याराची निगा राखली, याचं मला बरंच वाटलं.

इंजिन वर उचललं, इंजिनरूमच्या तोंडावर आणलं आणि हळूहळू खाली सोडू लागलो. बारीक साखळी माझ्या हातात, वैशाली खाली बोटीच्या तळाशी आडवी, दत्ताराम बाजूला पहार घेऊन. इंजिन उतरेल तसे त्याच्याखाली लाकडी ठोकळे सरकवायचे, ही आमची रीत. बैठकीपासून वीतभर अंतर राहिलं तेव्हा वैशाली म्हणाली, "थांबा. पुढच्या बोल्टच्या भोकात कचरा आहे." भोक ठोकळ्याच्या आड होतं. तिने पुढचा ठोकळा काढला आणि हात आत घातला. मी साखळी सोडली आणि चष्मा पुसायला घेतला.

चष्मा डोळ्यांवर चढवतोय तोच बारीक साखळी आपणहून चालू लागली.

जोरात नाही, अगदी सावकाश. देवळातल्या घंटेच्या दोरीला कुणाचा धक्का लागावा आणि ती जराशी हलावी, तेवढीच. क्षणभर मला वाटलं की माझीच नजर हलतेय. मग मी दोन्ही हातांनी साखळी पकडली. ती तेलकट होती, मुठीतून सरकत होती. मी तिचा मनगटाला वेढा दिला आणि अंगाचा भार मागे टाकला. इंजिन थांबलं.

"बाबा, इंजिन खाली आलं काय?" वैशालीने खालून विचारलं.

"हात काढ."

"निघत नाही. बाही अडकलीय, इंजिनाच्या एका बोल्टच्या टोकात."

दत्तारामला आता कुठे उमगलं. त्याने पहार टाकली आणि ठोकळा उचलून इंजिनाखाली ढकलला, पण तो आत जाईना. इंजिन तेवढं खाली आलेलं होतं. साखळी माझ्या मनगटात रुतली होती आणि मला वाटत होतं की ती माझी त्वचा घेऊन सुटणार. मी त्या वेळी देवाचं नाव घेतलं असेल असं लोकांना वाटतं. मी घेतलं नाही. मी फक्त तिचा खांदा बघत होतो, कारण हात दिसत नव्हता.

दत्ताराम गेला तो मासळीच्या खणावरची फळी उपसून घेऊन आला. ती आडवी आत घुसवली, वरून पायाने ठोकली. मग कमरेची जाळं शिवायची सुरी काढून तो वैशालीच्या बाजूला पालथा पडला आणि चाचपत बाही कापली. हात बाहेर आला. मनगटाच्या वर खरचटलेला, बाकी शाबूत. वैशालीने पाचही बोटं हलवून दाखवली, मला दिसतील अशी वर धरून. मी साखळी सोडली तेव्हा इंजिन फळीवर टेकलं, आणि मी तिथेच तेलात खाली बसलो.

पुढची काही मिनिटं मी काय काय बोललो ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. सेलवाल्याला, पुलीला, दत्तारामला, सगळ्यांना धुऊन काढलं. पुली उतरवून खाडीत फेकायला निघालो होतो. वैशालीने ती माझ्या हातातून काढून घेतली. "आधी बघू तर द्या, काय झालं ते."

तिने डब्याचं झाकण उघडलं. आतून काळंभोर तेल घळघळा वाहिलं. दोन्ही चकत्या त्यात भिजून चिंब.

दत्तारामचा चेहरा उतरला. "मीच पाजला तेल," तो म्हणाला. "तुमी इंजिन घेऊन गेलात ना, मग मी झाकण खोलून जळका ऑइल भरला. खारा वारा हाय, मेस्त्री. बापूस सांगायचा, लोखंडाला तेल पाजल्याशिवाय पावसात ठेवू नको. नांगर, कप्पी, पाना, सगळ्यास्नी पाजतो. हिला कशी उपाशी ठेवू?"

त्याच्यावर काय रागवायचं? किनाऱ्यावरचा कुठलाही नीटनेटका माणूस तेच करेल. गाडीचं वापरलेलं जळकं ऑइल आम्ही बाटलीत साठवतो आणि घरातल्या बिजागरीपासून बोटीच्या नांगरापर्यंत सगळ्याला चोपडतो, नाहीतर खारी हवा महिन्याभरात लोखंड खाऊन टाकते. पण चेनपुलीच्या चकत्या कोरड्या असल्या तरच धरतात. साखळीला तेल द्यावं, चकत्यांना नाही. आळशी नाखव्याची पुली घसरली नसती. निगा राखणाऱ्याची घसरली.

"तरी म्हटलं, स्वस्तातली," मी म्हणालो.

"बाबा, तेल घातलं असतं तर तुमची पुलीपण घसरली असती," वैशाली म्हणाली.

"माझ्या पुलीत कुणी तेल घालतोच कशाला?"

"कारण तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला दुकानदाराने सांगितलं असेल. दत्ताकाकांना कोण सांगणार? त्या हॉलमध्ये आता कुणाचं तरी बारसं चालू असेल."

माझी पुली घेतली तेव्हा दुकानदाराने मला अर्धा तास उभं करून ठेवलं होतं. हे करू नको, ते करू नको. तेव्हा तो माणूस मला कटकट्या वाटला होता. महाग वस्तूच्या किमतीत ती कटकटही धरलेली असते, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. सेलमध्ये हत्यार मिळतं, कटकट करणारा माणूस मिळत नाही.

पण तत्त्वज्ञानाने इंजिन बसत नाही. मी म्हटलं, माझी पुली अजून केळशीलाच आहे, ती मागवू. फोन लावला. त्यांचंही इंजिन अर्धवट टांगलेलं होतं. पुली सुटून इथे पोचेपर्यंत दुसऱ्या दिवशीची भरती येऊन ओसरली असती. "राहू दे," दत्ताराम म्हणाला. "पुढच्या उधाणाला बघू. पोरीच्या हातापरीस बोट मोठी नाय." तो हे मनापासून म्हणत होता. आणि खाडीतून बाहेर पडणाऱ्या दुसऱ्या बोटीकडे बघायचंही टाळत होता.

वैशाली स्कूटर घेऊन गावात गेली. परत आली ती गाडीच्या ब्रेकला लावतात त्या लायनरचा तुकडा घेऊन. पुलीचा एकेक भाग पेट्रोलने धुतला, पुसला, पुन्हा धुतला. भिजलेल्या चकत्या टाकून दिल्या आणि लायनरमधून नव्या कापून काढल्या. तिने कानशीने कड घासली आणि चकत्या माझ्या हातात दिल्या. मी त्या कितीदा फिरवल्या, कोण जाणे. खोट काढायला काहीच जागा नव्हती. तरी मी म्हटलं, "मला पटत नाही."

"मग टांगून बघू," ती म्हणाली.

इंजिन फळीपासून बोटभर वर उचललं. बारीक साखळीवर खडूने खूण केली आणि तिच्या शेजारी ताडपत्रीच्या उभ्या वाशावर दुसरी. दत्तारामच्या घरून चहा आला. आम्ही तिघेही ताडपत्रीखाली बसून चहा प्यायलो आणि खडूच्या खुणेकडे बघत राहिलो. वैशालीने पहारीने साखळीला हादरे दिले. दत्ताराम पावसाचं बोलला, बांगड्याचं बोलला. चहा निवला. खूण जागची हलली नाही.

"चला," वैशाली उठली आणि बाही वर करू लागली.

"तू नाही," मी म्हणालो. "खाली मी जातो."

"तुमचा हात जाणार नाही. आणि पुली मी बांधलीय." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "वजन ज्याने टांगलं, खाली पहिला हात त्याचाच. कुणी शिकवलं?"

मीच शिकवलं होतं. माझ्या उस्तादांनी मला, मी तिला. आमच्या धंद्यात हा रिवाज आहे, म्हणजे टांगणारा टांगताना झोपा काढत नाही. आजवर मला तो फार शहाणपणाचा वाटत आला होता. त्या वेळी तो कुणी काढला त्याचं तोंड बघू नये असं वाटलं.

ती खाली उतरली. या वेळी पुढच्या बाजूलाही तिने फळीचा एक तुकडा ठेवून घेतला, फक्त हात जाईल एवढी जागा सोडून. फळी होती, हे मला दिसत होतं. त्याने भीती कमी झाली नाही. मी इंजिन एकेक कडी करून उतरवलं. दत्ताराम पहारीने मागची बाजू पेलून धरत होता.

"थांबा," ती खालून म्हणाली. मी थांबलो. तिचा हात इंजिनाखाली गेला, कोपरापर्यंत. "भोक जुळलं. बाबा, बोल्ट द्या."

बोल्ट माझ्या शर्टाच्या खिशात होता. माझे दोन्ही हात साखळीवर होते.

"दत्ताराम, खिशातला बोल्ट काढ आणि दे तिला."

"पहार सोडली तर इंजिन फिरंल, मेस्त्री."

"बाबा, बोल्ट," वैशाली पुन्हा म्हणाली. आवाजात घाई नव्हती. तिचा दुसरा हात, खरचटलेला, तळवा वर करून माझ्या पायाशी आला होता आणि वाट बघत होता.

मी उजवा हात सोडला. साखळी हलली नाही. डावा हात मला सोडवेना. बोटं माझी, पण ऐकत नव्हती. ती एकेक करून उघडावी लागली. साखळी तशीच लोंबत राहिली, सरळ, गप्प. मी खिशातून बोल्ट काढला आणि वाकून तिच्या तळहातावर ठेवला. तिने बोल्टाबरोबर माझी बोटंही मुठीत धरली, घट्ट, आणि मगच सोडली.